हँडल जॉबरच्या खिशात

काळाचौकी,
७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अप्पांस,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहायची पद्धत आहे, पण या वेळी साध्या नमस्कारावर भागवते. मी रागात आहे.

माझ्या खेळायच्या खुर्चीची चाकं अडकवायच्या दोन्ही पिना तुम्ही नेल्यात. त्या परत पाठवा. पत्र एवढ्याचसाठी आहे.

तुम्ही गेलात त्या सकाळी आम्हाला वाटलं, पुण्याच्या मॅचवरून रागावून गावी गेले, चार दिवसांनी येतील. दुपारी मी कोर्टवर जायला निघाले. टॅक्सी दारात होती. शेजारचे शामरावकाका जिन्याखालून खुर्ची काढायला गेले आणि तिथूनच ओरडले, "अगो, हिची चाकं कोणी काढली?" जाऊन बघितलं तर दोन्ही चाकं भिंतीला टेकवून नीट उभी होती. खुर्चीवर धूळ बसू नये म्हणून जुना टॉवेल घातलेला. चोर असता तर चाकं नेली असती. चाकं ठेवून फक्त मधल्या पिना काढून नेणारा माणूस या चाळीत एकच आहे.

का नेल्यात तेही मला कळलं. लहानपणापासून ऐकत आले आहे. गिरणीत कापड विणायचा साचा दुरुस्तीला उघडला की तो दुरुस्त करणारा, तुमच्यासारखा जॉबर पहिलं काय करतो? चालू करायचं हँडल काढून स्वतःच्या खिशात टाकतो, म्हणजे त्याचा हात आत असताना कोणी चुकून साचा सुरू करणार नाही. आणि ज्याने हँडल काढलं त्यानेच ते परत लावायचं. पाळी बदलली, दुसरा जॉबर आला, खुद्द वीव्हिंग मास्तर आला, तरी कोणी हात लावायचा नाही. गिरणीच्या जागेवर आता काचेची बिल्डिंग आहे आणि तिथे लोक गळ्यात कार्ड घालून कॉफी पितात. तुमचा नियम मात्र अजून चालू आहे. पण मी साचा नाही, अप्पा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मंगळवारी गावच्या आपल्या अजितच्या मोबाइलवर व्हिडिओ लावला. तुम्ही मला बघितलंत आणि तोंड फिरवलंत. न बघणाऱ्याशी खुणांनी बोलता येत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अजित बिचारा मध्ये फोन धरून उभा. "काका, बघा ना इकडे," म्हणत होता, तेही तुमच्या पाठीला.

बंगळूरची खुर्चीवरच्या टेनिसची स्पर्धा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तिथल्या खेळावर भारताचा चमू ठरणार. तेहेतिसाव्या वर्षी पुढच्या निवडीची वाट बघण्यात अर्थ नसतो. कोच विकास सरांनी पिनांसाठी बाहेर चौकशी केली. खुर्चीचं मॉडेल जुनं, बनवणाऱ्यांनी बंद केलंय, मिळाल्या तरी वेळ लागणार.

खांदा बरा आहे. पुण्याच्या मॅचमध्ये जरा आखडला होता, शेकून मोकळा झाला. तिसऱ्या सेटमध्ये तुम्ही प्रेक्षकांत उठून उभे राहिलात आणि मूठ पुढे ढकलून खाली पाडलीत. तुमची गिरणीतली खूण: साचा बंद कर. मी बघितलं होतं. न बघितल्यासारखं केलं तेही तुम्हाला कळलं असणार. बाहेरून खूण करायला आता नियमाने मनाई नाही, म्हणून पंच काही बोलले नाहीत. ती मॅच मी जिंकले. त्याबद्दल तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत.

आईला विचारलं, पिना कुठे ठेवल्यात माहीत आहे का? ती म्हणते, "माका काय विचारतंस? तुझो बापूस, तूच विचार." म्हणून विचारते आहे. तिची तब्येत ठीक. हल्ली माझे केस तीच विंचरते, हौस आलीय तिला.

पिना अजितकडे द्या. तो कणकवलीहून कुरिअर करील.

तुमची
अक्षदा


काळाचौकी,
२२ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अप्पांस,

उत्तर नाही, कुरिअर नाही. अजित म्हणाला, पत्र मिळालं, तुम्ही पडवीत बसून वाचलंत आणि शर्टाच्या खिशात ठेवलंत. म्हणजे आता तुमच्या खिशात पिना आणि पत्र दोन्ही आहे.

इकडची खबर. मंडळाने चाळीच्या गेटवर माझा फ्लेक्स लावलाय. 'बंगळूर स्पर्धेसाठी आपल्या विभागाच्या कन्येस हार्दिक शुभेच्छा', तारखेसकट. खाली दोन ओळी कार्यकर्त्यांचे फोटो आणि वर मी, रॅकेट घेऊन. फक्त खुर्ची कापलीय. हवेत बसल्यासारखी दिसते. मी मंडळाच्या सीतारामला विचारलं, खुर्ची कुठे गेली?

"ताई, खुर्ची घेतली की तुझा चेहरा लहान होतो."

"मग होऊ दे लहान."

"आणि खालचे फोटो? ते कुठे घालू?"

त्याचंही बरोबर आहे. खालच्यांनीच वर्गणी काढलीय.

रविवारी तुमचा लेक सुशांत अँटॉप हिलहून येऊन गेला. जेवण झाल्यावर त्याने विषय काढला. "बस कर ना आता. बँकेत पर्मनंट आहेस. तीन देशांत जाऊन खेळलीस. अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, तुझ्या ऑफिसात कोणी विचारतं का तुला, एवढ्या फायली झाल्या, अजून कशाला? तो म्हणाला, "फायलीने खांदा जात नाही." मग आई मध्ये पडली आणि त्याला चिकू दिला.

तुमच्या दोघांचं एकमेकांशी कधी जमलं नाही. त्याला तुमच्या खुणा कधी आल्या नाहीत, तो आपला कानाशी येऊन ओरडतो. या एका बाबतीत मात्र न बोलता तुमचं एकमत झालंय.

मी रोज संध्याकाळी दादरला कोर्टवर नुसती बसायला जाते. घरात बसून करू काय? माझ्या जोडीला खेळणाऱ्या प्राचीचा खेळ फार सुधारलाय. गिरगावातून ती बसने येते, तीही रोजच्या खुर्चीवर, आणि सगळ्यांच्या आधी हजर असते. तिचा बॅकहँड आता इतका खोल पडतो की मागे जाऊन परत पुढे यायला दम लागतो. माझ्या तळहाताला फोड आले आहेत. टेप लावते.

लेथवाल्या कुशाबाने तुमची आठवण काढली. "राजाराम कधी येतो?" विचारत होता.

पिना पाठवा, अप्पा. रागाने नाही लिहीत या वेळी.

अक्षदा


काळाचौकी,
५ जानेवारी २०२६

अप्पा,

पडले. तेच आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागायला नको. हाड मोडलेलं नाही. डोक्याला लागलेलं नाही.

मागच्या पत्रात लिहिलं की मी कोर्टवर नुसती बसायला जाते. तुम्हाला ते खरं वाटलं नसणारच. बसणाऱ्याच्या हाताला फोड येत नाहीत. कुशाबाच्या लेथवर मी पिना करून घेतल्या होत्या. त्याने मोजमाप घेतलं, चाकाच्या भोकात बोट घालून बघितलं आणि विचारलं, "ओरिजनल कुठाय?"

"हरवली."

"राजारामाच्या घरात?" एवढंच म्हणाला. पिना दिल्या तेव्हा बजावून सांगितलं, "पोरी, ही घरातल्या घरात चालंल. खेळायला नको. ह्याला आतून पकड नाय, नुसती खिळी मारलीय."

मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी खेळायला लागले. तीन आठवडे काही झालं नाही. मग वाटायला लागलं, कुशाबा उगाच घाबरवतो, अप्पांसारखाच.

शुक्रवारी प्राचीने आडवा, आखूड चेंडू टाकला. मी पुढे झेप घेतली आणि वळले. उजवं चाक वळलं नाही. ते खुर्चीतून निघून सरळ पुढे गेलं. मी पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेली, त्यामुळे खुर्चीसकट उजव्या अंगावर आले. रॅकेट हातातच होतं. चाक जाऊन कंपाउंडच्या जाळीला लागलं आणि तिथे पडल्या पडल्या फिरत राहिलं. मी जमिनीवरून तेच बघत होते.

प्राची नेटला वळसा घालून आली. पांढरी पडली होती. म्हणते, "उठू नको, उठू नको."

मी म्हटलं, "उठतेय कुठे?"

आम्ही दोघी हसायला लागलो. विकास सर धावत आले तेव्हा मी हसत होते, म्हणून त्यांना वाटलं काही झालेलं नाही. मग त्यांनी मला धरून सरळ करायला हात पुढे केला आणि मी ओरडले.

परळला दाखवलं. हाताला पट्टा बांधून गळ्यात अडकवलाय. हे मी डाव्या हाताने मोबाइलवर टाइप करते आहे, सुशांतने ऑफिसात प्रिंट काढून द्यायचं कबूल केलंय. तो वाचणार. वाचू दे.

खांदा फाटलाय. आतला दोर, ज्याने हात वर उचलला जातो, तो. ऑपरेशनचं बोलतात.

आता माझं ऐका. तुम्ही पिना नेल्या नसत्या तर मी कुशाबाकडे गेले नसते. माझ्या काळजीपोटी तुम्ही जे केलंत त्यानेच मी पडले. हँडल खिशात टाकून जॉबर साच्याजवळ उभा राहतो, अप्पा. हँडल घेऊन गावी जात नाही.

आणखी एक. तुमच्या कानांचं मी कधी काढलं नाही, आज काढते. गिरणीच्या डॉक्टरने तुम्हाला सांगितलं होतं की साचाखातं सोडा, घडीखात्यात बदली घ्या, नाहीतर ऐकू येणं बंद होईल. तुम्हीच आम्हाला ही गोष्ट हसत हसत सांगायचात. "साच्यावरचा माणूस कापडाच्या घड्या घालीत बसणार?" कानात कापसाचे बोळे घालून गिरणी बंद होईपर्यंत साच्यावरच राहिलात. तेव्हा तुमचं हँडल कोणी काढून नेलं होतं का? आईने नेलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

मग मला का शिकवता?

अक्षदा


काळाचौकी,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप अप्पांस,

तुमचं कार्ड आलं. पत्ता चार ओळींचा आणि मजकूर एका शब्दाचा. 'म्हणूनच.' खाली पूर्ण सही, राजाराम घाडी, पगाराच्या रजिस्टरवर करायचात तशी.

आईने उलटसुलट करून बघितलं. "एवढ्यासाठी आख्खं कार्ड फुकट घालवल्यान," म्हणाली आणि देव्हाऱ्याजवळ ठेवून दिलं. मी ते दोनदा तिथून काढून वाचलं. एका शब्दात वाचण्यासारखं काय असतं, पण वाचलं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली. एमआरआयमध्ये दोन फाटी दिसल्या. एक ताजी, पडल्याची. एक जुनी. जुनी पुण्याची असेल, किंवा त्याच्याही आधीची. डॉक्टर बाईंनी पडद्यावर दाखवली. कापडाची किनार उसवते तशी दिसत होती. त्यांनी विचारलं, "हात वर नेताना दुखत नव्हतं?" मी म्हटलं, थोडं. आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "दोन महिने हिचे केस मीच विंचरतंय." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि ते कागदावर लिहून घेतलं.

म्हणजे तुम्ही उभे राहून खूण केलीत तेव्हा तो उसवत होता आणि तुम्हाला ते वीस हातांवरून दिसलं. माझी सर्व्हिस बदलली होती, असं विकास सर आता म्हणतात. चेंडू डोक्यावर न मारता बाजूने मारत होते. त्यांनी ते नंतर व्हिडिओत बघितलं. पण अप्पा, तुम्ही बरोबर होतात म्हणून पिना नेणं बरोबर होत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच पगारात बसवू नका.

बाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, आत्ता इंजेक्शन घ्यायचं, टेप लावायची, बंगळूरला खेळायचं. खेळता येईल. त्यानंतर आत शिवायला काही उरेल की नाही ते त्या सांगू शकत नाहीत. दुसरा, लगेच ऑपरेशन. मग बरेच महिने या हाताने चाक ढकलायचं नाही, पलंगावरून खुर्चीत जायला जोर लावायचा नाही. परत कोर्टवर येईन का, विचारलं. "घरातल्या कामाला हात नक्की येईल. सर्व्हिसचं वचन देत नाही," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लोकांना खांदा हातासाठी लागतो. तुम्हाला तो पायासाठीपण लागतो."

महिनाअखेरपर्यंत बंगळूरला कळवायचं आहे. सगळे आपापलं मत देऊन गेले. सुशांत, वहिनी, शामरावकाका, सीतारामसुद्धा. सीताराम म्हणतो, "ताई, एक मॅच खेळून ये, मग कर ऑपरेशन. फ्लेक्स लागलाय." एकटी प्राची काही म्हणाली नाही. मी नाही गेले तर तिचा नंबर लागतो, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. ती येते, माझ्या पट्ट्याची गाठ सैल करून पुन्हा बांधते, गिरगावातल्या गमती सांगते आणि जाते.

दुपारी पडून असते तेव्हा मला आपलं मैदान आठवतं. मंडळाच्या मांडवाची जागा रिकामी असायची तेव्हा तुम्ही खडूने कोर्ट आखायचात. माझं कण्याचं ऑपरेशन होऊन पाय गेले त्याला दोन वर्षं झाली होती. तुम्ही टेनिस कधी बघितलंही नव्हतं. विकास सरांनी नियमांचं पुस्तक दिलं ते तुम्ही मुलांकडून वाचून घेतलंत, आणि खुर्चीवरच्या खेळाडूला चेंडूचे दोन टप्पे चालतात हे कळल्यावर तुमचं तोंड वाकडं झालं. मला खुणेने विचारलंत, दोन कशाला? मी म्हटलं, नियमच आहे. तुम्ही एक बोट वर केलंत. एकातच घे.

सगळ्या मुली दुसऱ्या टप्प्याची वाट बघायच्या. मी धावायचे. चाक जोरात ढकलून, खांदा झोकून. विकास सर सांगायचे, "काका, तिला थांबू द्या, सवलत आहे ती." तुम्हाला ऐकू यायचं नाही. म्हणजे ऐकू यायचं नाहीच, पण बघायचातही नाही त्यांच्याकडे.

कार्ड वाचल्यापासून मला वाटतंय की गावी पडवीत बसून तुम्हाला ते एक बोट आठवत असणार. तसं असेल तर ते डोक्यातून काढा. एका टप्प्यात घ्यायला मला आवडायचं. समोरचीला वाटायचं अजून वेळ आहे, आणि चेंडू तिच्याकडे परत गेलेला असायचा. माझं नाव झालं ते त्यानेच. खांदा गेला तोही त्यानेच असेल. त्यातलं पहिलं ठेवून दुसरं परत करता येत नाही.

एक विचारते. घडीखात्यात गेला असतात तर कान राहिले असते. साच्यावर राहिलात ते चुकलं असं वाटतं का? मला खरं उत्तर पाहिजे. एका शब्दात नको. आई म्हणते, कार्ड महाग झालंय.

तुमची
अक्षदा


काळाचौकी,
२९ जानेवारी २०२६

तीर्थरूप अप्पांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी सकाळी मी विकास सरांना फोन करून सांगितलं की बंगळूरला येत नाही. मागे कोर्टवर चेंडूचे आवाज येत होते. मग म्हणाले, "बरं. प्राचीला तयार करतो." फोन ठेवल्यावर मी रडले, ते तुम्हाला लिहून कळवते, कारण आईने नाहीतरी सांगितलंच असतं. मी का ठरवलं? बाईंनी सांगितलं म्हणून नाही. सोमवारी पलंगावरून खुर्चीत येताना मी डाव्या हातावर जोर दिला आणि मध्येच अडकले. ना पलंगावर, ना खुर्चीत. आई आली, तिने काखेत हात घातला आणि तिच्या कमरेत उसण भरली. आम्ही दोघी तशाच थांबलो. शेवटी शामरावकाकांना हाक मारली. तेव्हा वाटलं, बंगळूरनंतर रोज असं असेल तर? मॅच हरेन याची मला कधी भीती वाटली नाही. याची वाटली.

अजूनही मन मध्येच उलटतं. संध्याकाळी प्राचीला निघायची वेळ झाली की उलटतं. त्यामुळे नाही असं म्हणून टाकलं तेच बरं.

आणि काल तुमचं पाकीट आलं.

कळवायला हवं म्हणून लिहिते, की ठरवलं ते पाकीट यायच्या आधी. तुमच्यामुळे ठरवलं नाही. हे सुशांतलाही दोनदा सांगितलं, कारण तो 'बघ, अप्पा' म्हणून सुरू झाला होता.

आईनेच उघडलं. आत सुती चिंधी, चिंधीत तेलाचा हात फिरवलेली पिन. आईने पाकीट उलटं करून झटकलं. आत हात घालून बघितलं. एकच पिन. "अर्धो राग गेलो म्हणायचो," ती म्हणाली, आणि अप्पा, महिनाभरात मी पहिल्यांदा पोट धरून हसले. खांदा दुखेपर्यंत.

मग चिठ्ठी वाचली. मोठ्याने वाचून दाखव, आई म्हणाली. मी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले, म्हणून तिला पुढचं माहीत नाही. इथे उतरवून काढते, म्हणजे तुम्ही काय लिहिलंत ते तुमच्याही लक्षात राहील.

'साच्यावर राहिलो ते चुकलं नाही. साचा चांगला चालायचा. पण तू आता कशी बोलतेस ते मला माहीत नाही. तू शाळेत जायचीस तेव्हाचा आवाज आठवतो, त्यावर भागवतो. तुझं लग्नकार्य, नोकरी, काय जे होईल त्यात कधी तुला हात लागेल तेव्हा तो नसला तर कशावर भागवशील. एक पिन पाठवतो. दुसरी खिशात आहे.'

लग्नकार्याचं तेवढं तुम्ही सोडत नाही.

ऑपरेशन बारा फेब्रुवारीला आहे. त्याच आठवड्यात बंगळूरला मॅचेस सुरू होतील. सीतारामने फ्लेक्स उतरवू का विचारलं. मी म्हटलं, राहू दे. त्याने नुसत्या तारखेवर पांढरा कागद चिकटवलाय. आता तो फ्लेक्स कुठल्या तारखेच्या शुभेच्छा देतोय ते कोणाला कळत नाही, पण आहे.

हात नंतर दीड महिना अंगाला बांधून ठेवणार. मला उचलायला माणूस लागेल, आणि आईची कमर गेलीय. सुशांत अँटॉप हिलला चल म्हणतो, लिफ्ट आहे. पण दोघंही दिवसभर ऑफिसात असणाऱ्या माणसांच्या घरी लिफ्ट काय करील? तुम्ही या. तुमच्या सत्तरीचं मला माहीत आहे. तरी तुम्ही मला गेल्या आठवड्यात उचलणाऱ्या सगळ्यांपेक्षा नीट उचलता, कुठे धरायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

उजवा हात बांधलेला असेल, तेव्हा मला डाव्या हाताने खुणा कराव्या लागतील. निम्म्या उलट्या दिसतील. त्या तुम्हाला नव्याने शिकून घ्याव्या लागतील. कानाचं मशीन पेटीत ठेवलंय तेही या वेळी लावून बघा. आवाज घोगरा येतो म्हणता, पण माझा आवाज घोगराच आहे. तुम्हाला माहीत नाही एवढंच.

आता पिनेचं. तुम्ही पाठवलेली मी डाव्या चाकाला लावली. शामरावकाकांनी खुर्ची धरली, मी बटण दाबून पिन आत सरकवली आणि ती टक् करून बसली. कुशाबाची कधी अशी बसली नाही. उजवीकडची बाजू विटेवर टेकवलीय.

दुसरी तुमच्याच खिशात राहू दे. मी मागणार नाही. अजितकडे देऊ नका, कुरिअर करू नका. बाई सर्व्हिसचं वचन देत नाहीत, त्यामुळे ती कधी लागेल, लागेल की नाही, हेही मला माहीत नाही. पण दुरुस्ती झाल्यावर मी सांगेन तेव्हा ती बाहेर काढायची, आणि तेव्हा का, कशाला, असं विचारायचं नाही. ज्याने हँडल काढलं त्यानेच ते लावायचं. खुद्द मास्तर आला तरी दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. नियम तुमचाच आहे.

उजवं चाक भिंतीला टेकवून ठेवलंय. तुम्ही ठेवलं होतंत तिथेच.

तुमची
अक्षदा

ता. क. सुशांत दादरला उतरवून घ्यायला येईल. गर्दीत तो हाका मारील, त्याला वाटतं ओरडलं की पोचतं. तुम्ही डब्याच्या दारातच थांबा. 'इकडे' ही एक खूण मी त्याला शिकवलीय. चुकीची करतो, पण ओळखू येईल.